दम्याच्या औषधातील घट

हुपरीत ‘घट’ या शब्दाचा अर्थ लहान मुलालाही सांगावा लागत नाही. चांदी आटवताना, तार ओढताना, झाळकाम करताना, पैंजणाला उजाळा देताना थोडा थोडा धातू कमी होत जातो. काही मुशीला चिकटतो, काही जमिनीवर सांडतो, काही धुण्याच्या पाण्यात जातो. किती चांदी दिली, किती दागिना परत आला आणि मधली घट किती, हा हिशेब प्रत्येक कामाला ठरलेला असतो. कारखान्याचा केरसुद्धा फुकट जात नाही. झारेकरी तो धुतो आणि त्यातले कण वेगळे काढतो. रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड, तळंदगे, इंगळी या आसपासच्या गावांतही हाच व्यवसाय आणि हाच हिशेब.

इतक्या काटेकोर घरांतूनही एका वस्तूची घट कोणत्याच वहीत चढत नाही. गल्ल्याच्या खणात, देवघराशेजारच्या फडताळात किंवा पर्समध्ये ठेवलेला दम्याचा ‘पंप’, म्हणजे इन्हेलर, दिवसातून दोन वेळा तोंडाशी धरला जातो, औषध सुटते आणि त्यातले बहुतेक घशातच राहते. महिन्याच्या महिन्याला औषधाचे बिल भरले जाते. दम मात्र लागतच राहतो. मग कोणी म्हणते औषध बरोबर नाही, कोणी म्हणते डॉक्टर बदला, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आम्ही आधीच सांगितले होते, पंपाचा काही उपयोग नाही.’ औषध नीट घेतले जाते की नाही, हा प्रश्न सहसा सर्वांत शेवटी विचारला जातो, आणि पुष्कळदा विचारलाच जात नाही.

हा प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आजारभाराच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४० लाख लोकांना दमा आहे. जगातील एकूण दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतीय आहेत, पण दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू एकट्या भारतात होतात. रुग्णांच्या वाट्यात आणि मृत्यूंच्या वाट्यात एवढे अंतर का, याची कारणे अनेक आहेत. निदान उशिरा होते, नियमित घ्यायचे औषध घेतले जात नाही, आणि घेतले तरी ते योग्य जागी पोहोचत नाही. यांतील तिसरे कारण घरातच दुरुस्त होण्यासारखे आहे. त्यासाठी खर्चही जवळजवळ नाही.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचा संसर्ग किंवा उग्र वास लागला की या सुजलेल्या नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतील वाट अरुंद होते, छातीत घरघर सुरू होते आणि श्वास बाहेर टाकणे जड जाते. त्यामुळे औषधेही दोन प्रकारची लागतात. साल्ब्युटामॉलसारखे औषध आवळलेले स्नायू सैल करते. त्याचा गुण काही मिनिटांत येतो आणि चार ते सहा तासांत ओसरतो. श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड सूज कमी करते. त्याचा परिणाम तात्काळ जाणवत नाही, काही दिवस ते काही आठवडे लागतात. पहिल्याने बरे वाटते, दुसऱ्याने बरे राहते. ज्याने लगेच बरे वाटते तेच खरे औषध, असे मानणे हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून सूज उतरवणारा इन्हेलर कपाटात पडून राहतो आणि आराम देणारा खिशात फिरतो. अलीकडे फॉर्मोटेरॉल आणि स्टेरॉइड एकत्र असलेले इन्हेलर मिळतात. त्यांतील काही दोन्ही कामांसाठी वापरता येतात, पण ते डॉक्टरांनी तसे सांगितले असेल तरच.

चांदीच्या व्यापाऱ्याला वजनाची भाषा अधिक पटेल. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. म्हणजे एका ग्रॅममध्ये असे दहा हजार फवारे होतात. हेच औषध गोळीतून घ्यायचे तर गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, आणि ४ मिलिग्रॅम म्हणजे ४० फवाऱ्यांइतके औषध. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून साऱ्या शरीरात जाते, म्हणून हात थरथरतात आणि छातीत धडधडते. स्टेरॉइडचेही तसेच. दमा बळावला की गोळीतून दिवसाला ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन द्यावे लागू शकते. रोजच्या इन्हेलरमधील बुडेसोनाइड बहुधा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते. ही दोन वेगळी औषधे असल्याने त्यांची बरोबरी केवळ वजनाने करता येत नाही, तरी मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांतला फरक लक्षात घ्यावा. ‘पंपातले औषध फार कडक, त्याची सवय लागते’ हा समज हुपरीतच नव्हे तर सर्वत्र आहे, आणि तो वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे.

इतके थोडे औषध पुरते याचे कारण एकच. ते थेट जागेवर पडते. जागेवर पडले नाही तर ते पुरणार नाही, हेही त्यातच आले. १९८१ च्या सुमारास झालेल्या मोजमापांत असे दिसले होते की, दाबून फवारा सोडायचा साधा इन्हेलर अगदी नीट वापरला तरी सुमारे १० टक्के औषध फुफ्फुसात पोहोचते आणि ८० टक्क्यांच्या आसपास तोंडात व घशात बसते. ही घट गृहीत धरूनच मात्रा ठरवलेली असते. चूक झाली की त्या १० टक्क्यांतलेही बहुतेक जाते.

अशा चुका किती जण करतात? २०१६ साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतील १४४ अभ्यास आणि ५४ हजारांहून अधिक रुग्ण त्यात विचारात घेतले होते. पद्धत पूर्ण बरोबर असलेले रुग्ण निघाले अवघे ३१ टक्के. त्याहून खेदाची गोष्ट म्हणजे चाळीस वर्षांत या प्रमाणात सुधारणा झालेली दिसली नाही. उपकरणे बदलली, औषधे सुधारली, चुका तशाच राहिल्या. हे अभ्यास जगभरातील होते, त्यामुळे अशिक्षितपणाकडे बोट दाखवून सुटका होत नाही.

हाताचा आणि श्वासाचा मेळ

दाबायच्या इन्हेलरचा जन्म १९५६ सालचा. अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने विचारले होते की, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे दम्याचे औषध का मिळत नाही? त्या प्रश्नातून हे उपकरण तयार झाले. मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९७६ मध्ये दम्याची फवाऱ्याची औषधे भारतात आणली. औषध श्वासातून घेण्याची कल्पना मात्र परकी नाही. धोत्र्याचा धूर ओढण्याचा इथला उपाय १८०२ च्या सुमारास मद्रासमधील जनरल जेंट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यामार्फत ब्रिटनमध्ये गेला होता. (धोतरा विषारी आहे, त्याचा प्रयोग आज कोणी करू नये.)

या इन्हेलरची अडचण केसांच्या फवाऱ्याला नसते ती आहे. फवारा सुटतो अतिशय वेगाने, आणि नेमक्या त्याच क्षणी श्वास आत चाललेला असावा लागतो. वर सांगितलेल्या आढाव्यात ४५ टक्के रुग्णांचा हा मेळ चुकत होता. कोणी आधी फवारा मारतो आणि मग श्वास घेतो. कोणी श्वास संपत आल्यावर दाबतो. कोणी दाबताना नाकाने श्वास घेतो. आरशासमोर उभे राहून पाहिले तर तोंडातून किंवा डब्याच्या वरच्या बाजूने धुरासारखे काही बाहेर येताना दिसते. ते औषधच होय.

बरोबर पद्धत अशी. झाकण काढून तोंडाच्या भागात काही अडकले नाही ना, हे पाहावे. खिशात उघड्या ठेवलेल्या इन्हेलरमध्ये नाणे शिरून ते श्वासाबरोबर आत गेल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. डबा नीट हलवावा, कारण पुष्कळशा इन्हेलरांत औषधाचे कण द्रवात तरंगत असतात आणि ठेवल्या जागी तळाशी बसतात. न हलवता घेतलेला पहिला फवारा आणि शेवटचा फवारा सारखा नसतो. मग ताठ बसून किंवा उभे राहून श्वास पूर्ण बाहेर सोडावा. इन्हेलर दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत, तोंडाने सावकाश श्वास घ्यायला सुरुवात करावी आणि सुरुवातीलाच एकदा दाबावे. श्वास चार-पाच सेकंद, सावकाश, छाती भरेपर्यंत चालू ठेवावा. नंतर दहा सेकंद, ते जमत नसेल तर जमेल तितका वेळ, श्वास रोखून धरावा. हा शेवटचा भाग ४६ टक्के रुग्ण गाळतात. औषधाच्या बारीक कणांना नलिकांच्या भिंतीवर बसायला वेळ लागतो, तो न देता श्वास सोडला तर ते आल्या वाटेने परत जातात. दुसरा फवारा घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, डबा पुन्हा हलवून घ्यावा. एका श्वासात दोन फवारे मारणे म्हणजे वेळ वाचवून औषध घालवणे.

हे सर्वांनाच जमेल असे नाही. लहान मुलांना जमत नाही, संधिवाताने बोटे आखडलेल्या आजीला जमत नाही, आणि धाप लागलेली असताना तर धडधाकट माणसालाही जमत नाही. त्यांच्यासाठी स्पेसर नावाची प्लास्टिकची नळी मिळते. फवारा नळीत सोडायचा आणि तेथून श्वासाने सावकाश ओढायचा. मेळ साधण्याची गरज उरत नाही, वेगाने जाणारे मोठे कण नळीतच थांबतात, घशात कमी बसते आणि फुफ्फुसात जाणारे औषध साध्या पद्धतीच्या दुपटीपर्यंत वाढू शकते. तान्ह्या मुलाला मुखवटा लावून पाच-सहा शांत श्वास घेऊ द्यावेत. मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे, दोन इंचांवरून फवारलेले औषध बाळाला मिळत नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच हवेत वाळवावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर विद्युतभार चढतो आणि औषध भिंतीला चिकटते. त्याची किंमतही अडचण ठरू नये. केपटाउनच्या डॉ. हीदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की अर्धा लिटरची प्लास्टिकची बाटली, तळाला इन्हेलर बसेल असे छिद्र करून आणि ते बंदिस्त करून, मुलांमध्ये विकतच्या स्पेसरइतकेच काम करते. आपल्याकडे मात्र स्पेसर म्हणजे आजार वाढल्याची खूण, असे समजून तो नाकारला जातो. खरे तर तो ज्याला त्याला वापरता येतो आणि बहुतेकांनी वापरावाच.

पूड ओढायची तऱ्हा निराळी

आपल्याकडे कॅप्सूल घालून पूड ओढायचा इन्हेलरही मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तो स्वस्त पडतो आणि रोजचा खर्च कॅप्सूल मोजून करता येतो. येथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण दोन्ही उपकरणांची रीत परस्परविरुद्ध आहे. फवाऱ्याला श्वास सावकाश हवा, पुडीला जोरदार आणि खोल. पूड उडवण्याचे बळ उपकरणात नसते, ते रुग्णाच्या श्वासातच असते. फवारा वापरणाऱ्या सासूबाईंचे पाहून सूनबाई पूड हळुवार ओढू लागल्या तर पूड जागची हलणार नाही.

पुडीच्या इन्हेलरमध्ये ४६ टक्के रुग्ण आधी श्वास पूर्ण बाहेर टाकत नाहीत, असे त्याच आढाव्यात दिसले. तो बाहेर टाकावा, पण उपकरणात फुंकू नये. फुंकले की पूड उडून जाते आणि राहिलेली श्वासाच्या ओलाव्याने गोळा होते. ओढून झाल्यावर उघडून पाहावे. कॅप्सूलमध्ये पूड उरली असेल तर पुन्हा ओढावी. कॅप्सूल आदल्या रात्री उपकरणात भरून ठेवू नये. कोल्हापूरकडच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघडी राहिलेली पूड काही तासांत धरते. आणि एक चूक अशी की ऐकून हसू येईल, पण दवाखान्यांत ती आजही भेटते. कॅप्सूल म्हणून दिली, म्हणून पाण्याबरोबर गिळली. गिळणाऱ्याचा त्यात दोष नाही. ज्याने दिली त्याने दाखवले नाही.

जैन घरांत कॅप्सूलबाबत आणखी एक प्रश्न असतो आणि तो संकोचाने दाबून ठेवला जातो. कॅप्सूलचे वेष्टन पुष्कळदा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राणिज असते. वेष्टन गिळले जात नाही, आतली पूडच ओढली जाते, हे खरे. तरी ज्यांना ते हातात घेणेही नको वाटते त्यांनी कोणाला न सांगता औषध बंद करण्याऐवजी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. काही कॅप्सूल वनस्पतिजन्य सेल्युलोजच्या असतात, आणि फवाऱ्याच्या इन्हेलरमध्ये कॅप्सूल नसतेच. पुडीत औषधाबरोबर दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, मिसळलेले असते. काही फवाऱ्यांत अल्प मद्यार्क असतो. हे सर्व वेष्टनावरील बारीक अक्षरांत छापलेले असते किंवा औषधविक्रेत्याकडून समजते. पर्याय जवळजवळ नेहमीच निघतो. विचारल्याशिवाय मात्र तो कोणी सुचवत नाही.

व्रतांचा प्रश्नही असाच. स्टेरॉइडचा इन्हेलर घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकणे आवश्यक असते. तसे न केल्यास तोंडात पांढरे बुरशीचे चट्टे येतात आणि आवाज बसतो. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या व्यापाऱ्याला बसलेला आवाज परवडत नाही. सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य करणारे श्रावक-श्राविका रात्रीची मात्रा घेतात आणि चूळ टाळतात, किंवा चूळ नको म्हणून मात्राच टाळतात. चातुर्मासात आणि दशलक्षण पर्वात हे विशेष घडते, आणि नेमका तोच काळ पावसाळ्याचा, म्हणजे पुष्कळांचा दमा बळावण्याचा. यावर सोपा तोडगा आहे. दिवसातून दोन वेळा घ्यायचे औषध पहाटे आणि सूर्यास्तापूर्वी, असे साधारण बारा तासांच्या अंतराने घेता येते. डॉक्टरांना व्रताची कल्पना देऊन वेळा ठरवून घ्याव्यात. उपवासात इन्हेलर चालतो की नाही, हा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून करावा. तो विचारताना एवढे माहीत असावे की घशात बसलेले औषध शेवटी पोटात जाते. पद्धत चुकीची असेल तर पोटात जास्त जाते. स्पेसर वापरून चूळ भरली की पोटात फारच थोडे जाते.

लपवलेला पंप

पद्धत बिघडण्याचे एक कारण वैद्यकीय पुस्तकांत फारसे सापडत नाही, पण बाजारपेठेत ते रोज दिसते. पंप लपवून घेतला जातो. दुकानात गिऱ्हाईक बसलेले असते, मालाचा भाव ठरत असतो, आणि मालकाला धाप लागते. तो मागच्या खोलीत जातो, पाठ फिरवून घाईने दोन फवारे मारतो आणि पाच सेकंदांत परत येतो. डबा हलवणे, श्वास पूर्ण सोडणे, दहा सेकंद थांबणे हे सारे त्या घाईत जाते. ‘शेठजींना दमा आहे’ ही बातमी पसरली तर उधारीवर परिणाम होईल, असे त्याला मनातून वाटत असते.

मुलींच्या बाबतीत हे अधिक कठोर असते. लग्न जमायचे आहे म्हणून पंप घराबाहेर न्यायचा नाही, लग्न झाले की सासरी दाखवायचा नाही. नवी सून न्हाणीघरात जाऊन औषध घेते. रोजचे सूज उतरवणारे औषध सुटते, कारण ते विकत आणायचे कोणाकडून? मग एखाद्या रात्री, चुलीचा धूर किंवा भिंतींच्या नव्या रंगाचा वास निमित्त होऊन, इतकी धाप लागते की जे लपवले ते दवाखान्यात सर्वांसमोर उघड होते. दमा हा ताब्यात ठेवता येणारा आजार आहे. दमा असलेले खेळाडू ऑलिंपिकमध्ये पदके मिळवतात. लपवल्यामुळे तो ताब्यात राहत नाही, एवढी गोष्ट दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मनावर घेतली तर काही मुलींचे जीव वाचतील.

हुपरीची हवाही या आजाराला अनुकूल आहे. येथे चांदीचे काम मोठ्या कारखान्यांइतकेच घराघरांत चालते. आटणीची भट्टी, झाळकामाचा धूर, उजाळ्यासाठी वापरायच्या आम्लांची वाफ आणि राहण्याची खोली यांत कित्येकदा एकाच भिंतीचे अंतर असते. आम्लाची वाफ सुजलेल्या श्वासनलिकेला थेट झोंबते. गळीत हंगामात उसाचा पाला पेटवल्याचा धूर येतो, इचलकरंजीच्या बाजूला सुताची धूळ असते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो. ते दृश्य पाहण्यासारखेच असते, पण दमेकऱ्याने ते थोड्या अंतरावरून पाहिलेले बरे. घरात डासांची अगरबत्ती रात्रभर जळते. २००३ मधील एका अभ्यासात, अशा एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमुळे ज्यांचे नाव सर्वपरिचित आहे, त्या डॉ. संदीप साळवींच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ रोजी देशातील ८८० शहरे-गावांमध्ये ७,४०० डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा निम्म्या रुग्णांची तक्रार श्वसनाची निघाली. आम्लाच्या खोलीला धूर खेचणारा पंखा बसवणे आणि तिचे दार राहत्या घराकडे न ठेवणे, हे काम इन्हेलर करू शकत नाही. ते मालकालाच करावे लागते.

खतावणी घालायची ती अशी

पद्धत चुकली की पुढची साखळी ठरलेली असते. रुग्ण म्हणतो गुण नाही. डॉक्टर मात्रा वाढवतात. तरी गुण नाही, म्हणून आणखी महागडे औषध येते, मग गोळ्या, मग इंजेक्शन. गोळ्यांचे स्टेरॉइड वारंवार घेतल्याने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू येतो. कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घेण्यासाठी दूरवर जाणारेही असतात. श्रद्धेने जावे, पण जाताना रोजचा इन्हेलर बंद करून जाऊ नये.

दमा ताब्यात आहे की नाही, हे ओळखण्यासाठी व्यापाऱ्याला एक सोपी खूण आहे. औषधाची बिले काढावीत आणि तात्काळ आराम देणारे, २०० फवाऱ्यांचे किती डबे वर्षात आणले ते मोजावे. तीन किंवा अधिक आले असतील तर दमा उसळण्याचा धोका वाढलेला आहे. महिन्याला एक किंवा त्याहून अधिक लागत असेल तर जिवाचा धोका वाढतो, असे दम्याविषयीची जागतिक मार्गदर्शिका सांगते. २०१९ पासून तर या मार्गदर्शिकेने मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना केवळ आराम देणाऱ्या इन्हेलरवर ठेवू नये, असेच सांगितले आहे. बिले पाहताना डब्यावरील मोजणीचा आकडाही पाहावा. काही डब्यांवर तो नसतो, तेव्हा वापर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहून रोजच्या फवाऱ्यांनी भागाकार करावा. डबा पाण्यात तरंगतो की बुडतो, ही जुनी परीक्षा विश्वासार्ह नाही. औषध संपल्यावरही डब्यातून वायू फुसफुसत राहतो आणि रुग्णाला वाटते औषध मिळाले.

शिकवायचे कोणी? डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी असते. डॉक्टरांना वाटते औषधाच्या दुकानात दाखवतील, दुकानदाराला वाटते डॉक्टरांनी दाखवलेच असेल, आणि रुग्णाला विचारायची लाज वाटते. ऑस्ट्रेलियात औषधविक्रेत्यांनी ही जबाबदारी घेतल्यावर काय झाले, याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक वेळी सरासरी अडीच मिनिटे देऊन, रुग्णाकडून कृती करवून घेऊन, चुकलेले पुन्हा दाखवले, एवढ्यानेच दम्याचे नियंत्रण सुधारले. मात्र शिकवलेले विसरले जाते, म्हणून पुन्हा पुन्हा पाहावे लागले. या मासिकाच्या वाचकांत औषधाची दुकाने असलेली घरे पुष्कळ आहेत. गल्ल्याशेजारी एक रिकामा, औषध नसलेला नमुन्याचा इन्हेलर ठेवला आणि प्रत्येक नव्या डब्याबरोबर ‘एकदा घेऊन दाखवा’ एवढे म्हटले तरी पुरे. ‘येते ना?’ असे विचारू नये, कारण सगळे ‘हो’ म्हणतात. रुग्णानेही पुढच्या तपासणीला जाताना स्वतःचा इन्हेलर पिशवीत न्यावा आणि डॉक्टरांसमोर वापरून दाखवावा.

एवढे करूनही एखाद्या रात्री दमा उसळेल. त्या वेळी रुग्णाला आडवे करू नये, ताठ बसवावे. आराम देणारा फवारा स्पेसरमधून एकेक करून चार वेळा द्यावा, प्रत्येक फवाऱ्यानंतर चार-सहा श्वास घेऊ द्यावेत. चार मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा चार द्यावेत. एका दमात वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, रुग्ण गुंगीत जात असेल तर एवढीही वाट पाहू नये. हुपरीहून इचलकरंजीचे इंदिरा गांधी रुग्णालय असो की कोल्हापूरचे सीपीआर, गाडी काढावी आणि वाटेतही स्पेसरमधून फवारे देत राहावे. त्यासाठी स्पेसर गाडीच्या किल्लीशेजारी टांगलेला असावा, आणि घरातील किमान दोघांना तो वापरता यावा. त्या दोघांपैकी एक जण रात्री घरी असणारा हवा.